कार्बन खाणारी मोटर

मोठ्या डीसी मोटरीत फिरत्या भागाला घासत राहून त्याला वीज पोचवणारा कार्बनचा ठोकळा म्हणजे ब्रश. तो लवकर संपला की पहिली शिवी ब्रश विकणाऱ्याला बसते. दुसरी खरेदी विभागाला, कारण त्यांनी सगळ्यांत कमी भावाचं टेंडर उचललेलं असतं. तिसरी ज्या पोरानं ब्रश बसवले त्याला. मोटरीला कोणी काही म्हणत नाही. ती फिरतच असते, आणि फिरत्या वस्तूवर संशय घ्यायची आपल्याला सवय नाही. 'निकृष्ट दर्जाचे ब्रश' एवढं लिहून रिपोर्ट संपतो, स्टोअरमधून नवा बॉक्स निघतो आणि दोनेक महिन्यांनी तोच रिपोर्ट तारीख बदलून पुन्हा लिहिला जातो. असे रिपोर्ट मी पुष्कळ वाचलेत. वाचता वाचता एक मत पक्कं होत गेलं. मोठ्या डीसी मोटरीत ब्रश मुळातच वाईट निघाला, असं क्वचित घडतं. त्याच्यावर जे गुदरलं ते त्याच्या तोंडावर उमटलेलं असतं, आणि आपण ते तोंड न पाहताच त्याला भंगारात टाकतो.

राजुऱ्याहून गडचांदूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला पऱ्हाटी, मधूनच तुरीचे तास, पलीकडे जिवतीचे डोंगर. आणि या सगळ्यातून अचानक वर आलेले प्रीहीटरचे उंच मनोरे. काळ्या मातीखाली चुनखडी आहे म्हणून कोरपना तालुक्यात सिमेंटचे कारखाने आले. त्यांतल्याच एकात मी विद्युत विभागात आहे. कारखान्याचं नाव इथं महत्त्वाचं नाही. आमच्याकडची निम्मी माणसं शेतकऱ्यांच्या घरची. ड्युटी सुटली की बांधावर जाणारी.

सिमेंटच्या कारखान्याचा जीव किल्नमध्ये, म्हणजे फिरत्या भट्टीत. साठ-सत्तर मीटर लांबीचा पोलादी नळकांडा, आतून विटांचं अस्तर, किंचित उतारावर टेकलेला आणि मिनिटाला तीन-चार फेरे घेणारा. आतला माल १४५० अंशांपर्यंत तापतो. हा नळकांडा मध्येच थांबला तर वरची बाजू थंड आणि खालची गरम राहून पत्रा वाकतो. म्हणून वीज गेली तरी डिझेल इंजिनवर तो थोडा थोडा फिरवत ठेवावा लागतो. शिवाय दर थांबण्यागणिक आतल्या विटा सैल होतात. त्यामुळे किल्न फिरवणारी मोटर ही कारखान्यातली सगळ्यांत लाडकी आणि सगळ्यांत धाकाची वस्तू. आता नव्या कारखान्यांत एसी मोटर आणि तिचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी असतो. आमची अजून डीसी आहे. थायरिस्टरच्या पॅनलवर चालणारी, ६०० व्होल्ट, १२०० अँपिअर, म्हणजे ७०० किलोवॉटच्या घरातली.

किल्नच्या मोटरीवरचे ब्रश आधी वर्ष-सव्वा वर्ष सहज जायचे. मग दोन महिन्यांत संपायला लागले. एकदा पोळ्याच्या दिवशी, निम्मी माणसं बैल सजवायला गावाकडे आणि इथं कव्हर उघडलं तर आत सगळं काळं. होल्डरवर, इन्सुलेटरवर, केबलच्या लग्सवर कार्बनची भुकटी. ही भुकटी वीजवाहक असते. ती साचली की आर्मपासून (ब्रशांची एकेक रांग धरणारा दांडा) बॉडीपर्यंत वाट तयार होते आणि एखाद्या दिवशी फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे वीज हवेतूनच उडी मारून, सगळा कॉम्युटेटर जळतो. कॉम्युटेटर म्हणजे ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं फिरतं नळकांडं. त्या दिवशी ते झालं नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावून भुकटी ओढून घेतली. (हवेचा पाइप मारून साफ करू नये. भुकटी उडते ती वाइंडिंगच्या फटींत जाऊन बसते.)

चंद्रपूरकडे कशाचंही खापर उन्हाळ्यावर फोडायची सोय आहे. पारा ४६-४७ ला जातो, मग मोटर जळो, पंखा जळो की माणूस चिडो, कारण तयारच. आमच्या एका साहेबांनी सिद्धांत मांडला की इथली हवा कोरडी, म्हणून ब्रश झिजतात. सिद्धांताला आधार आहे, आणि तो मोठा मजेदार आहे. ग्राफाइट निसरडा असतो तो स्वतःच्या गुणानं नव्हे. हवेतली पाण्याची वाफ त्याच्या थरांना चिकटून असते म्हणून. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावर जायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरचे ब्रश काही तासांत भुकटी होऊन संपायचे. तिथली हवा इतकी कोरडी की वाफ नावालाही नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या सॅव्हेज या संशोधकानं १९४८ साली यावर लिहिलं: वाफ काढून घेतली की ग्राफाइट वंगण राहत नाही, उलट झपाट्यानं घासला जातो.

पण आमच्या मे महिन्याला हा नियम लावताना एक गफलत होते. ब्रशला सापेक्ष आर्द्रतेचे टक्के कळत नाहीत. घनमीटर हवेत पाणी किती ग्रॅम आहे ते कळतं. ४५ अंशांना १५ टक्के आर्द्रता असली तरी तापलेल्या हवेत घनमीटरमागे जवळजवळ १० ग्रॅम पाणी असतं. जानेवारीतल्या एखाद्या दुपारी २८ अंश आणि २० टक्के असेल, तर ते साडेपाच ग्रॅमच्या आत. म्हणजे ज्या दिवसांत आपण ओठ फुटले म्हणून व्हॅसलीन लावतो, तेच ब्रशचेही कोरडे दिवस. साधारण पाच ग्रॅमच्या खाली गेलं की काळजी करायची. आमचे ब्रश तर भर पावसाळ्यात, हवा चिंब असताना संपत होते. साहेबांचा सिद्धांत तिथंच कोसळला.

मग एकेक तपासणं सुरू झालं. ज्यांच्याकडून मी हे काम पाहिलं ते काकाजी निवृत्त झाले होते, पण गावातच राहतात. बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत हॉलेजच्या, म्हणजे डबे ओढणाऱ्या, मोटरी बघत हाताला वळण लागलेला माणूस. त्यांना बोलावलं तर आले, आणि आल्या आल्या विचारलं, "जुने कार्बन कुठी हाय?" पोरानं सांगितलं, डब्यात टाकले. "कोणचा कोणत्या आर्मचा, काई खूण केली का नाई?" खूण कसली? काकाजी काही बोलले नाहीत, फक्त त्याच्याकडे पाहत राहिले. पुढच्या वेळेपासून प्रत्येक ब्रशवर खडूनं आर्मचा नंबर आणि जागेचा नंबर पडायला लागला.

स्प्रिंगचा दाब मोजायची त्यांची रीत अजून डोळ्यांपुढे आहे. मोटर बंद, परमिट हातात. ब्रश आणि कॉम्युटेटरच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी सरकवायची. स्प्रिंगच्या टोकाला ताणकाट्याचा हूक अडकवून ब्रशच्या दिशेत सरळ वर ओढायचं, दुसऱ्या हातानं कागद हलकेच खेचत राहायचं. ज्या क्षणी कागद सुटून हातात येतो, त्या क्षणी काट्यावर जो आकडा, तो दाब. त्याला ब्रशच्या क्षेत्रफळानं भागायचं. चौरस सेंटिमीटरला १८० ते २२० ग्रॅम आले की ठीक. कमी असेल तर ब्रश उडतो आणि ठिणगी पडते. जास्त असेल तर नुसता घासून संपतो. गंमत अशी की लोक जास्त दाबाला भितात आणि स्प्रिंग सैल सोडतात, पण कमी दाबानं होणारी झीज बहुतेक वेळा जास्त वाईट असते, कारण ती ठिणगीची झीज असते. आमच्या स्प्रिंगांत दोन मेलेल्या निघाल्या. बाकीच्या ठाकठीक.

न्यूट्रल, म्हणजे ठिणगी सगळ्यांत कमी पडते ती ब्रशची जागा, पाहिला. सगळे आर्म धरणाऱ्या रॉकर रिंगवरची खूण जागेवर होती. कॉम्युटेटरभोवती कागदाची लांब पट्टी गुंडाळून प्रत्येक आर्मच्या ब्रशची कड पेन्सिलीनं उतरवली, पट्टी जमिनीवर पसरून टेप लावला. सहाही अंतरं जुळली. डायल गेज लावून गोलाई पाहिली, तीही मर्यादेत. निरीक्षणाच्या झाकणाभोवती कोणीतरी पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉन सीलंट लावलेला सापडला. तो खरवडून काढला आणि तिथं साधं गॅस्केट बसवलं. सिलिकॉनची वाफ ब्रशखाली गेली की तिथल्या उष्णतेत तिची वाळूच होते, आणि पूर्ण बंद मोटरीत तर ती भराभर ब्रश खाते. आमच्या मोटरीवर ब्लोअर आहे, हवा सतत बदलते. म्हणून हा गुन्हेगार नव्हता. पण त्याला आत ठेवण्यातही अर्थ नव्हता.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त अडलेली गोष्ट एका चांगल्या सवयीतून आली होती. दर शटडाऊनला आमचा एक हेल्पर कॉम्युटेटर घासून लख्ख करायचा. तांबं असं झळकायचं की त्यात तोंड दिसावं. साहेब राउंडला आले की खूष. आपल्याकडे तांब्याचा गडू चिंचेनं घासून चमकवला की घर टापटिपीचं ठरतं. तोच हिशोब मोटरीला लागला. पण कॉम्युटेटरचं तांबं चमकलं तर ते उघडं पडलेलं असतं. मोटर नीट चालत असेल तर तांब्यावर ऑक्साइड, ग्राफाइट आणि ओलाव्याची एक अगदी पातळ तपकिरी साय धरते. कारखान्यात तिला फिल्म म्हणतात. ब्रश खरा फिरतो तो या फिल्मवर, तांब्यावर नाही. ती एकसारखी चॉकलेटी दिसली की हात लावायचा नाही. ती पुन्हा धरायला बरेच दिवस चालावं लागतं, आणि तोवर ब्रश उघड्या धातूवर घासत राहतो. वर आमचा हेल्पर एमरी पेपर वापरायचा. एमरीचे कण तांब्यात आणि ब्रशात रुतून बसतात. घासायचंच तर काचपेपर, तोही ब्रशला कॉम्युटेटरची गोलाई देण्यापुरता. हे त्याला सांगणं अवघड गेलं. मनापासून काम करणाऱ्याला काम करू नको म्हणावं लागत होतं. तो म्हणाला, "मंग साहेब इचारतील ना जी, काळं काहून ठिवलं?" त्याचं चूक नव्हतं. विचारलंच असतं.

पॉलिश बंद झालं, तरी फिल्म नीट धरेना. कॉम्युटेटरवर बारीक बारीक रेघा उमटायच्या, एक पट्टा काळसर तर शेजारचा नुसतं तांबं. पुढं त्या रेघांना धार येऊन हलक्या खाचा पडायच्या. खडूच्या खुणांचे ब्रश काकाजींनी उन्हात धरून तिरपे फिरवले. तोंडावर तशाच रेघा, आणि रेघांत चमकणारे तांब्याचे कण. एका आर्मवरच्या पाचांपैकी दोन ब्रशचे पिगटेल (ब्रशला जोडलेली तांब्याची लवचिक तार) जांभळट-निळे पडलेले, बाकी तिघांचे कोरे करकरीत. काकाजी म्हणाले, "हे तिघं काई करूनच नाई राह्यले."

मग डीसी क्लॅम्प मीटर घेतला. चालू मोटरीच्या उघड्या कव्हरपाशी एकेका पिगटेलचा करंट घेणं हे जपून करायचं काम. हातमोजे, रबरी चटई, मागे दुसरा माणूस, आणि घाई अजिबात नाही. एका आर्मवर आकडे आले: ६२, ४८, १९, ९, ५. बेरीज १४३. असे तीन प्लस आर्म, म्हणजे मोटर ४३० अँपिअरच्या आसपास चालत होती. आणि तिची पाटी काय सांगते? १२००.

इथं कागद-पेन्सिल काढली. ब्रश २५ बाय ३२ मिलिमीटरचा, म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर. प्लसचे तीन आर्म, प्रत्येकी पाच ब्रश: पंधरा ब्रश, १२० चौरस सेंटिमीटर. पूर्ण भाराला १२०० भागिले १२०, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १० अँपिअर. ब्रशच्या त्या ग्रेडला ८ ते १२ मानवतात, म्हणजे हिशोब चोख. पण चालत्या भाराला? ४३० भागिले १२०, साडेतीन.

ब्रशवर जास्त करंट गेला की तो जळतो, हे कोणालाही पटतं. कमी करंटनं झिजतो हे सांगितलं की लोक चेहऱ्याकडे पाहतात. पण फिल्म धरायला करंट लागतो, थोडी ऊब लागते. कॉम्युटेटर ६० ते ९० अंशांच्या दरम्यान राहिला तर बरं. आमचा हाताला जेमतेम कोमट लागत होता, कारण भार कमी आणि ब्लोअर पूर्ण वेगानं. करंट पुरेसा नसला की तो सगळ्या ब्रशांत वाटून जात नाही. ज्याची वाट जरा सोपी, त्याच्यातून जास्त जातो. त्यातही ब्रशच्या चारदोन ठिपक्यांतून. त्या ठिपक्यांवर तांबं उपटून ब्रशात घुसतं आणि पुढच्या फेऱ्यांत तेच तांबं कॉम्युटेटर ओरखडतं. फिल्म नसल्यानं घर्षण वाढतं, ब्रश होल्डरमध्ये थरथरतो, कडा तुटतात. उपाशी राहून झिजणं म्हणतात ते हेच.

किल्नच्या मोटरीचं दुखणं जन्मजात आहे. भरलेला किल्न थांबलेल्या अवस्थेतून हलवायला दुपटीहून जास्त टॉर्क लागतो, म्हणून मोटर आधीच दांडगी घ्यावी लागते. एकदा फिरायला लागला की तिची निम्मी ताकद रिकामी. पण मग आधी ब्रश वर्षभर कसे जायचे? उत्तर जुन्या फाइलीत सापडलं. जुनी मोटर रिवाइंडिंगला गेली तेव्हा तिच्या जागी नवी घेतली होती. पुढं कधीतरी उत्पादन वाढवू, किल्नचा वेग वाढवू, तेव्हा असू दे, म्हणून एक साइज मोठी. वेग काही वाढला नाही. मधल्या काळात किल्नभोवतीच्या मोठ्या दातेरी चक्राचं, गर्थ गिअरचं, अलाइनमेंट सुधारलं, त्यामुळे भार उलट कमीच झाला. प्रत्येकानं आपापल्या परीनं चांगलंच केलं होतं.

उपाय पुस्तकात सरळ आहे: ब्रश कमी करा. प्रत्येक आर्मवरून सारखे काढायचे आणि कॉम्युटेटरच्या प्रत्येक पट्ट्यावर प्लस-मायनस दोन्ही राहतील हे पाहायचं. दोन-दोन काढले तर घनता सहापर्यंत जात होती. पण सुरुवातीच्या वेळी करंट दोन हजारांच्या वर जातो. नऊ ब्रशांवर तो टाकायला माझा जीव होईना. साहेबांनी तर "ब्रश संपतात म्हणून ब्रश काढता?" असं विचारून फोनच ठेवला. काकाजींचं मत दोन काढा. खाणीत त्यांनी केलेलं. माझं मत एक. खाणीतलं हॉलेज आणि किल्न यांच्या थांबण्याची किंमत एक नाही. शेवटी एकेकच काढला, आणि कमी भाराला चालणारी मऊ ग्रेड मागवली. मोटरीत एकाच वेळी दोन ग्रेड ठेवायच्या नाहीत, म्हणून सगळे ब्रश एकदम बदलले. भाव जास्त होता. खरेदीवाल्यांशी वाद झाला तो वेगळाच.

त्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला कंट्रोल रूममध्ये दिसत होतं त्याहून जास्त मला कव्हरच्या काचेतून पाहायचं होतं. अँमीटरचा काटा दोन हजारांच्या पुढं गेला, ब्रशच्या मागच्या कडेला बारीक निळ्या ठिणग्यांची ओळ उठली, किल्न हलला, ओळ विझली. काटा खाली आला तो चारशेवर स्थिरावला. पंधरवड्यानं कव्हर उघडलं तेव्हा तपकिरी रंग धरायला लागला होता. एका कडेला अजून एक पट्टा फिका आहे. खाचा पडलेल्या जागा पुढच्या मोठ्या शटडाऊनला स्किम करून, म्हणजे पातळ थर कातून, तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका अंडरकट करावा लागेल, म्हणजे तांब्याहून खाली कोरावा लागेल, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. ब्रशची उंची आता दर महिन्याला मोजून वहीत लिहितो. हजार तासांना तीन-चार मिलिमीटर जातात. आधी वीसच्या घरात जात होते.

हेल्परनं एमरी पेपर परत केला. आता साहेब राउंडला आले की तोच त्यांना सांगतो की तपकिरी रंग असाच पायजे, पुसायचा नसते. काकाजींना मानधन द्यायचं म्हटलं तर त्यांनी घेतलं नाही, जुन्या ब्रशांचा एक डबा मात्र नेला. नातवाच्या शाळेच्या प्रदर्शनात ठेवायला.

मागच्या महिन्यात एसी मोटर आणि व्हीएफडीची फाइल फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. ब्रशची कटकट कायमची मिटावी म्हणून. मला त्यात वावगं काही वाटत नाही; डीसीचे सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड आहे, आणि ब्रशचं तोंड वाचणारी माणसंही. फाइलीत क्षमतेच्या रकान्यात ८०० किलोवॉट लिहिलेत, शेरा 'भविष्यातील विस्तार'. मी त्याखाली पेन्सिलीनं चालू भाराचे अँपिअर आणि स्टार्टच्या वेळचा आकडा लिहिला आणि फाइल पुढं पाठवली.